सेव्हन क्यूसी टूल्स शॉपफ्लोअरवर खरंच कशी वापरायची: क्वालिटीत नवीन आलेल्यांसाठी

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत क्वालिटीला जॉइन व्हा, महिन्या-दोन महिन्यात साहेब म्हणतातच, "एक इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट घे, सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटी कंट्रोलची सात साधनं) लाव." मग पोरं काय करतात, तर कारण आधीच ठरवून मोकळी होतात, उपायही करून टाकतात आणि शेवटी पीपीटी बनवायला बसली की सातही टूल्स एकेका स्लाइडवर चिकटवतात. फिशबोन आहे, पॅरेटो आहे, रंगीत आहे सगळं, फक्त रिजेक्शन जिथल्या तिथे. मी मशीन शॉपच्या क्वालिटीत आहे, असे प्रोजेक्ट केलेत आणि दुसऱ्यांचे तपासलेतही, त्यामुळे नवीन माणूस कुठे अडकतो हे माहितीये. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुद्दा एकच आहे. प्रत्येक टूल एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतं, प्रश्न नसेल तर ते टूल काढायचंच नाही. सातपैकी चारच लागले तर चारच वापरा.

नावं आधी बघून घ्या: चेकशीट (मोजणीचा तक्ता), पॅरेटो (मोठ्यापासून लहानाकडे लावलेले बार), स्ट्रॅटिफिकेशन (डेटा गटांत फोडणं), फिशबोन म्हणजेच कॉज अँड इफेक्ट (माशाच्या काट्यासारखं कारणांचं चित्र), हिस्टोग्राम (कुठल्या साइजचे किती पीस याचे बार), स्कॅटर (दोन गोष्टींचा संबंध दाखवणारे ठिपके) आणि कंट्रोल चार्ट (वेळेनुसार प्रोसेस स्थिर आहे का ते दाखवणारा). काही यादीत स्ट्रॅटिफिकेशनच्या जागी फ्लो चार्ट किंवा साधा ग्राफ असतो, त्यावरून इंटरव्ह्यूत वाद घालू नका. ही सगळी टूल्स एका माणसाची नाहीत. कंट्रोल चार्ट १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्टने काढला, फिशबोन जपानच्या काओरू इशिकावांचा. त्यांनीच या सातांची मोट बांधून ती थेट कामगारांच्या हातात दिली. क्वालिटी सर्कल (कामगारांचे प्रॉब्लेम सोडवणारे छोटे गट) जपानमध्ये १९६२ ला सुरू झाली ती याच विचारातून, की मशीनवरच्या माणसाला प्रॉब्लेम सोडवता आला पाहिजे. म्हणून यातलं गणित मुद्दाम सोपं ठेवलेलं आहे, घाबरू नका.

एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं हाऊसिंग आहे, सीएनसीवर मशिनिंग होतं, त्यात २५ एच७ चा बोअर (गोल भोक) आहे, एच७ हा टॉलरन्सचा कोड, म्हणजे साइज २५.००० ते २५.०२१ मिमी. मशीन दोन, शिफ्ट दोन, रात्री १२ नंतर शॉप बंद. आकडे समजावण्यापुरते घेतलेत.

काय काय जमवून ठेवायचं

- पार्टचं लेटेस्ट रिव्हिजनचं ड्रॉइंग आणि कंट्रोल प्लॅन (काय, कसं, किती वेळा तपासायचं याचा कागद)
- मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर आणि शिफ्टवाइज प्रॉडक्शन रिपोर्ट (दोन्ही लागतात, का ते पुढे कळेल)
- कॅलिब्रेशन चालू असलेलं गेज, इथे बोअर डायल गेज किंवा एअर गेज, सोबत मास्टर रिंग (गेज सेट करायची नेमक्या साइजची रिंग)
- मशीनचा ब्रेकडाउन आणि टूल चेंजचा लॉग
- क्लिपबोर्ड, पेन, ए-४ कागद
- एक्सेल. २०१६ पासूनच्या व्हर्जनमध्ये पॅरेटो आणि हिस्टोग्राम आयते मिळतात, महागडं सॉफ्टवेअर सुरुवातीला नकोच

आणि एक सीनियर सेटर (मशीन सेट करणारा) किंवा ऑपरेटर सोबत हवा. प्रत्येक शॉपमध्ये एखादे मामा असतात ज्यांना मशीनच्या आवाजावरून कळतं काय बिघडलंय, त्यांना पहिल्या दिवसापासून टीममध्ये घ्या, नंतर फक्त सही घ्यायला जाऊ नका.

१) प्रॉब्लेम एका वाक्यात लिहा, त्यात कारण घुसू देऊ नका

"ऑपरेटरच्या दुर्लक्षामुळे बोअर ओव्हरसाइज होतोय" हा प्रॉब्लेम झाला नाही, हा तर निकालच देऊन टाकला. "सीएनसी लाइनवर हाऊसिंगचं रिजेक्शन-रिवर्क मागच्या महिन्यात ४,९०० पैकी ४०० पीस" असं लिहा. काय, कुठे, कधी, किती, बस. टार्गेट सुद्धा आत्ता टाकू नका, साहेबांनी मागितलं तर पॅरेटो झाल्यावर देतो म्हणून सांगा, कारण नेमकं काय कमी करायचंय हे अजून तुम्हालाच माहिती नाही.

२) रजिस्टरवर विश्वास ठेवण्याआधी लाल बिन मोजा

ही पायरी पुस्तकात नसते पण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. शिफ्ट संपताना लाल बिनमधले (रिजेक्ट पीसच्या डब्यातले) पीस स्वतः मोजा आणि रजिस्टरच्या आकड्याशी ताडून बघा. आठवडाभर करा. बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. कारण सरळ आहे, जिथे रिजेक्शन लिहिलं की बोलणी बसतात तिथे रिजेक्शन लिहिलं जात नाही, पीस गुपचूप रिवर्कला जातो किंवा दुसऱ्या शिफ्टच्या नावावर पडतो. अशा डेटावर पॅरेटो काढलात तर तो कोण कोणाला घाबरतं याचा पॅरेटो होईल. तेव्हा आधी सुपरवायझरशी बोला, हा डेटा ओरडायला वापरायचा नाही हे लाइनवर सगळ्यांसमोर सांगायला लावा, आणि मग खरंच ओरडू नका.

दुसरं म्हणजे गेज. टॉलरन्स फक्त २१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आहे. दोन ऑपरेटरनी तोच पीस मोजला आणि ७-८ मायक्रॉनचा फरक आला तर तुम्ही प्रोसेस मोजत नाही आहात, हाताचा फरक मोजताय. जमलं तर गेज आर अँड आर (तेच पीस वेगवेगळ्या माणसांनी परत परत मोजून मोजणीतला फरक काढायची चाचणी) करून घ्या. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये परिस्थिती बघून चालवायचं, ३० च्या वर असेल तर प्रोजेक्ट थांबवा आणि आधी गेज सुधारा.

आणि ॲल्युमिनियम असेल तर तापमान. मोजमापाचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री. ॲल्युमिनियमचा २५ मिमीचा बोअर १० डिग्रीने गरम असला की जवळजवळ ६ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे पाव टॉलरन्सपेक्षा जास्त इथेच गेला. स्टीलची मास्टर रिंग त्याच्या निम्मीच वाढते, त्यामुळे मशीनमधून काढल्या काढल्या मोजलेला पीस आणि स्टँडर्ड रूममध्ये गार होऊन मोजलेला पीस यात भांडण होणारच. पीस किती वेळ ठेवून मोजायचा ते ठरवा आणि सगळ्यांनी तेवढंच थांबायचं.

३) चेकशीट: कमी कॉलम, पण नेमके

चेकशीट ऑपरेटर भरणार आहे, हातमोजे घालून, सायकल टाइमच्या मधल्या वेळेत. दहा-दहा कॉलमचा तक्ता दिलात तर शिफ्ट संपताना एकदम अंदाजे भरला जाईल, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, सगळं एकाच पेनाने एकाच दाबाने. बघितलं की लगेच कळतं ते.

वरती पार्ट, मशीन, शिफ्ट, तारीख छापून ठेवा. डाव्या बाजूला डिफेक्ट: बोअर ओव्हरसाइज, डेंट, ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची पोकळी), चॅम्फर (कडेची तिरकी कापणी) नाही, थ्रेड खराब, इतर. वर आडवे तास: ७-८, ८-९ असे. ऑपरेटरने फक्त रेघ मारायची. तासाचा कॉलम बऱ्याच जणांना फालतू वाटतो, पण आपल्या उदाहरणात सगळी केस त्याच एका कॉलमने सुटणार आहे. "इतर" मध्ये फार भरती व्हायला लागली तर डिफेक्टची यादी चुकलीये, बदला.

कमीत कमी दोन आठवडे, जमलं तर महिना डेटा घ्या. रोज एकदा तरी लाइनवर जाऊन शीट बघा, नाहीतर तिसऱ्या दिवशी क्लिपबोर्ड कपाटामागे सापडतो.

४) पॅरेटो दोनदा काढा: एकदा नगावर, एकदा रुपयांवर

महिन्याचे ४०० पीस असे निघाले म्हणू: डेंट १७२, बोअर ओव्हरसाइज ९६, ब्लो होल ५४, चॅम्फर ३२, थ्रेड २६, इतर २०. उतरत्या क्रमाने बार, वर क्युम्युलेटिव्ह टक्क्यांची लाइन: ४३, ६७, ८०.५, ८८.५, ९५, १००. "इतर" चा बार कितीही मोठा असला तरी शेवटीच.

या चार्टवरून सगळे डेंटच्या मागे लागतील. पण डेंट म्हणजे रिवर्क, समजा पीसला १५ रुपये, एकूण २,५८० रुपये. बोअर ओव्हरसाइज झाला की पीस थेट स्क्रॅप, ॲल्युमिनियम परत भरता येत नाही, समजा पीसला २६० रुपये, एकूण २४,९६० रुपये. जवळजवळ दहापट! रुपयांच्या पॅरेटोत बोअर वर येतो आणि मॅनेजमेंट पण तोच चार्ट नीट बघते, हा अनुभव आहे.

ब्लो होलचं वेगळं. पीस फाउंड्रीला डेबिट होतो म्हणून लोक त्याला आपला खर्चच धरत नाहीत, पण त्या पीसवर आपण घालवलेला मशीनचा वेळ कोणी परत देत नाही. तो पण रुपयात धरा.

८०-२० चा नियम (थोड्या कारणांतून बहुतेक नुकसान) अगदी ८० वर येईलच असं काही नाही. सगळे बार साधारण सारखे आले तर पॅरेटो काहीच सांगत नाहीये, वर्गवारी बदलून बघा.

५) स्ट्रॅटिफिकेशन: खरं काम इथे आहे

पॅरेटोने "काय" सांगितलं, "का" नाही. बहुतेक जण इथून उडी मारून थेट फिशबोनवर जातात आणि मग एसी रूममध्ये बसून चाळीस कारणं काढतात. त्याआधी ते ९६ पीस फोडा.

मशीनवाइज: सीएनसी-३ वर ५१, सीएनसी-५ वर ४५. तीन नंबरचं मशीन वाईट? थांबा, प्रॉडक्शन रिपोर्ट याचसाठी मागवला होता. तीनवर २,६०० पीस झाले, पाचवर २,३००. दोन्हीकडे १.९६ टक्के. मशीनचा फरक नाही. नुसता आकडा बघून एका मशीनचं स्पिंडल खोलायला घेणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय, तुलना नेहमी टक्क्यांवर.

शिफ्टवाइज: फर्स्ट शिफ्ट ६७, सेकंड २९. दोन्ही शिफ्टचं प्रॉडक्शन जवळपास सारखं. आता फरक दिसला, आणि लगेच कोणीतरी म्हणणार फर्स्टचा ऑपरेटर नवीन आहे. पण शिफ्ट तर दर आठवड्याला बदलते. ऑपरेटरवाइज फोडलं तर तोच माणूस सेकंडला आला की त्याचं रिजेक्शन खाली येतं आणि दुसरा फर्स्टला गेला की त्याचं वर जातं. म्हणजे माणूस सुटला, सकाळ अडकली.

तासवाइज: फर्स्टच्या ६७ पैकी ४४ एकट्या सकाळी ७ ते ८ मध्ये, आणि त्या तासाला प्रॉडक्शन तर सगळ्यात कमी असतं. सेकंडच्या २९ पैकी १५ जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासात. आता दोन्ही जागा शेजारी ठेवून बघा, मशीन बंद राहिल्यानंतरचा पहिला तास. अजून एकही मीटिंग झालेली नाही आणि ९६ पैकी ५९ पीस कुठे पडतात ते कळलं.

फोडायला नेहमी उपयोगी पडणाऱ्या गोष्टी: मशीन, शिफ्ट, तास, ऑपरेटर, कास्टिंगची लॉट किंवा हीट नंबर, कॅव्हिटी नंबर, इन्सर्टचा (कटिंग टूलच्या पात्याचा) किनारा, फिक्स्चर (पीस पकडायचं साधन), वार. सोमवार तर जरूर बघा.

६) फिशबोन काढा, पण माशाच्या तोंडात नेमकं वाक्य ठेवा

आता माशाच्या डोक्यात "बोअर ओव्हरसाइज" नाही लिहायचं, "मशीन थांबल्यानंतरच्या पहिल्या तासात बोअर ओव्हरसाइज" असं लिहायचं. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड, मेजरमेंट, वातावरण हे काटे. डोकं नेमकं झालं की अर्धे काटे आपोआप गळतात, कास्टिंगची हार्डनेस सकाळी ७ ला बदलत नाही.

मीटिंग लाइनजवळच घ्या, उभ्याने, वीस मिनिटं. ऑपरेटरला आधी बोलू द्या, साहेबांना शेवटी, साहेब आधी बोलले की बाकीच्यांची कारणं संपतात.

मग सगळ्यात महत्त्वाचं, व्हॅलिडेशन. फिशबोनवर गोल केलेलं कारण अजून सिद्ध झालेलं नाही, हात वर करून मतदान घेतलं तरी नाही. एक तक्ता करा: कारण, जागेवर जाऊन काय तपासलं, काय दिसलं, खरं की खोटं. आपल्या केसमध्ये असा दिसेल:

- इन्सर्ट झिजलेला: झिजला तर बोअर लहान होतो, मोठा नाही. खोटं.
- क्लॅम्पिंग प्रेशर सकाळी कमी: गेजवर तपासलं, तेवढंच. खोटं.
- रात्रीचाच ऑफसेट (मशीनमध्ये घातलेली साइजची दुरुस्ती) सकाळी तसाच: लॉगमध्ये दिसतं. खरं.
- गार मशीनवर साइज सरकते: सकाळी सुरू केल्यापासून ओळीने पीस मोजले, साइज हळूहळू बदलत जाऊन मग स्थिरावली. खरं.

स्पिंडल आणि बॉलस्क्रू चालून गरम होतात, थोडे वाढतात, रात्री गरम मशीनवर सेट केलेला ऑफसेट सकाळी गार मशीनला लागू पडत नाही. साइज कुठल्या बाजूला सरकेल हे मशीनच्या बांधणीवर असतं, म्हणून दुसऱ्या कंपनीची केस स्टडी उचलून आपल्याकडे चिकटवू नका.

व्हाय-व्हाय इथे जोडा. पाचच वेळा "का" विचारायचं असं काही बंधन नाही, तीनदा विचारून काहीतरी बदलता येण्यासारखं सापडलं तर तिथेच थांबा. "ऑपरेटर विसरला" इथे मात्र थांबू नका, विसरला तरी पीस खराब कसा झाला ते विचारा.

७) हिस्टोग्राम आणि स्कॅटर: लागले तरच

स्कॅटर इथे कामाचा आहे. आडव्या अक्षावर मशीन सुरू होऊन किती मिनिटं झाली, उभ्यावर बोअर साइज. वरच्या तक्त्यातली शेवटची ओळ एका चित्रात दिसते. फक्त ठिपके एका रेषेत आले म्हणजे कारण सापडलं असं नाही, सकाळी मशीन गार असतं तसं शॉपही गार असतं, दोन्हीतलं कोण जबाबदार हे वेगळं तपासावं लागतं.

हिस्टोग्रामला ५० तरी रीडिंग घ्या, १०० असली तर बरं. दोन शिखरं दिसली तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात, परत पायरी ५ ला जा. आणि लिमिटच्या आत अगदी कड्यावर ढीग आणि बाहेर एकदम शून्य असा आकार दिसला तर रीडिंग "ॲडजस्ट" होतायत, परत पायरी २.

८) उपाय आधी एकाच मशीनवर

सकाळी आणि सुट्टीनंतर वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवायचा, स्पिंडल आणि अक्ष १५-२० मिनिटं पीसशिवाय फिरवायचे, मग पहिला पीस मोजून ऑफसेट बघायचा. हे फक्त सीएनसी-३ वर लावा आणि सीएनसी-५ दोन आठवडे जसं आहे तसं चालू द्या. दोन्हीकडे एकदम लावलं आणि रिजेक्शन कमी झालं तर ते वॉर्म-अपमुळे की नवीन कास्टिंग लॉटमुळे, हे कोणीच सांगू शकत नाही.

प्रॉडक्शनवाले वॉर्म-अपच्या वेळेवरून भांडतील, त्यांचंही बरोबर आहे, त्यांना आकडा गाठायचा असतो. शक्य असेल तर शिफ्टच्या आधी मेंटेनन्सचा माणूस मशीन सुरू करतो का बघा. रुपयांचा पॅरेटो सोबत न्या.

९) कंट्रोल चार्ट: साइज परत सरकली तर लगेच कळायला हवं

एक्स-बार आर चार्ट घ्या, म्हणजे सबग्रुपची सरासरी (एक्स-बार) आणि रेंज (सगळ्यात मोठा उणे सगळ्यात लहान). ठरावीक वेळाने सलग ५ पीस म्हणजे एक सबग्रुप, असे २५ सबग्रुप, एका चार्टवर एकच मशीन. दोन मशीनचे पीस एका सबग्रुपमध्ये मिसळले की रेंज फुगते, लिमिट रुंद होतात आणि चार्ट आंधळा होतो.

समजा सरासरी २५.०१० आली आणि सरासरी रेंज ०.००८. लिमिट काढायचे आकडे तयार तक्त्यात मिळतात, ५ च्या सबग्रुपला ए२ म्हणजे ०.५७७, डी४ म्हणजे २.११४. एक्स-बारची वरची लिमिट २५.०१० + ०.५७७ × ०.००८ म्हणजे साधारण २५.०१४६, खालची २५.००५४. रेंजची वरची ०.०१६९, खालची शून्य.

इथे सगळ्यात मोठी गफलत होते: लोक या चार्टवर ड्रॉइंगच्या लिमिट, २५.००० आणि २५.०२१, आखतात. चालत नाही. चार्टवर पाच पीसची सरासरी आहे, ड्रॉइंग एकेका पीसबद्दल बोलतं. कंट्रोल लिमिट प्रोसेस ठरवते, कस्टमर नाही.

आता कपॅबिलिटी, म्हणजे टॉलरन्समध्ये प्रोसेस किती मावते. ०.००८ भागिले २.३२६ (तोही त्याच तक्त्यातला आकडा) म्हणजे सिग्मा, फरकाचं माप, साधारण ०.००३४४. सीपी (टॉलरन्स भागिले ६ सिग्मा) येतो १.०२ आणि सीपीके (सरासरी मधोमध आहे का हेही धरून) ०.९७. म्हणजे आज हातातले सगळे पीस ओके निघाले असतील तरी ऑटोवाले कस्टमर जो १.३३ किंवा १.६७ मागतात त्याच्या जवळपास पण आपण नाही, त्यामुळे "प्रॉब्लेम क्लोज्ड" लिहायची घाई नको.

एखादा पॉइंट लिमिटबाहेर, सलग ७ पॉइंट सेंटर लाइनच्या एका बाजूला, किंवा सलग ७ चढते वा उतरते, यातलं काही दिसलं तर थांबून कारण शोधायचं आणि चार्टवरच लिहायचं. यातलं काहीच नसेल तर ऑफसेटला हात लावायचा नाही. प्रत्येक पीसमागे दोन मायक्रॉन इकडे, दोन तिकडे करणारा ऑपरेटर खूप काळजीवाहू वाटतो, पण त्याने फरक वाढतो. डेमिंग (क्वालिटीतले नावाजलेले अमेरिकन तज्ज्ञ) हे फनेल आणि गोटी घेऊन लोकांना करून दाखवायचे, निशाणाकडे बघत फनेल सारखा हलवला की गोट्या जास्तच पसरतात.

चार्ट मशीनजवळ लावा, हाताने भरू द्या. कॉम्प्युटरवर ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला चार्ट अनुभवी ऑडिटर लगेच ओळखतो, त्यात एकही पॉइंट वेडावाकडा नसतो.

१०) कागद बदला, नाहीतर तीन महिन्यांत मूळपदावर

वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये वॉर्म-अप, सेटअप ॲप्रूव्हलच्या शीटवर "वॉर्म-अप झाला" ची ओळ, कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं याचा तक्ता) दोन्ही अपडेट. आयएटीएफ १६९४९ (ऑटो उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) च्या ऑडिटमध्ये हमखास विचारतात, रिजेक्शन झालं, उपाय केला, मग पीएफएमईएमध्ये का दिसत नाही. शक्य असेल तर मशीनच्या प्रोग्रॅममध्येच असं टाका की ठरावीक वेळ बंद राहिलं तर वॉर्म-अप झाल्याशिवाय सायकल सुरू होणार नाही, सेटर किंवा मशीनवाल्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर सांगू शकेल. ते जमलं तर ट्रेनिंगच्या सह्या गोळा करण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं.

मग तोच पॅरेटो, तीच वर्गवारी, तेवढ्याच दिवसांचा डेटा घेऊन परत काढा आणि जुन्याच्या शेजारी ठेवा. स्केल दोन्हीकडे सारखं ठेवा, एक्सेल स्वतःहून बदलतं आणि मग कमी झालेला बार तेवढाच उंच दिसतो. किमान तीन महिने आकडे बघा, त्यात एक तरी सुट्टीनंतरचा सोमवार आणि थंडीतला आठवडा यायला हवा, कारण हा प्रॉब्लेम नेमका तेव्हाच डोकं वर काढतो.

कंपनी क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेला पाठवणार असेल तर याच कागदांची केस स्टडी होते, वेगळं काही लिहावं लागत नाही. प्रेझेंटेशन ऑपरेटरला करू द्या, प्रश्न आले की तोच नीट उत्तर देतो.

पुढच्या प्रोजेक्टला डेंट घ्या. त्याला मात्र तासवाइज चेकशीट चालणार नाही, पीस कुठल्या स्टेजवरून उचलला आणि कुठल्या ट्रेमध्ये ठेवला ते लिहावं लागेल, आणि डेंट पीसच्या कुठल्या जागी आहे ते पार्टच्या चित्रावर खुणा करून. नवीन शीट छापा, जुन्याच शीटवर कॉलम वाढवत बसू नका.